वयाच्या खात्यावर

कोल्हापूर

चि. मृणाल हिस,


तुझं पत्र पोचलं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ‘वार्धक्याचं मानसशास्त्र’ शिकवायचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. विभागात हा पेपर घ्यायला कुणी पुढे येत नव्हतं, विषय उदास आहे, मुलं बसणार नाहीत, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, असं तू लिहितेस. आणि मग विचारतेस, सुरुवात कुठून करू? मी हा विषय बरीच वर्षं शिकवला आणि आता स्वतः सत्तरीत पोचले आहे, त्यामुळे या प्रश्नावर मला बोलायचंच होतं. सवडीनं वाच.

पहिल्या तासाला व्याख्या सांगू नकोस. प्रत्येकाला एक कोरा कागद दे आणि ‘सत्तर वर्षांचा माणूस’ म्हटल्यावर जे पाच शब्द मनात येतील ते लिहायला सांग. नाव नको. काठी, विसराळू, हट्टी, एकटा, देवदेव, पेन्शन, अनुभव असलं काहीतरी येईल. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपली मुलं लहानपणापासून ऐकतात, आणि त्याच घरात आजोबांची एकसष्टी, आजीचं सहस्रचंद्रदर्शन थाटामाटात होताना बघतात. मान द्यायचा आणि अक्कल गेली असंही धरून चालायचं, या दोन गोष्टी आपल्याकडे शेजारी शेजारी नांदतात. कागदावर त्या दोन्ही उतरतील.

मग त्यांना बेका लेवीचा अभ्यास सांग. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावात 1975 साली पन्नाशीपुढच्या लोकांना स्वतःच्या म्हातारपणाबद्दल काय वाटतं हे विचारलेलं होतं. लेवी आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या 660 जणांची पुढची वीसेक वर्षांची नोंद तपासली आणि 2002 साली निष्कर्ष छापला. ज्यांचं मत चांगलं होतं ते सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. वय, तब्येत, सांपत्तिक स्थिती, एकटेपणा हे सगळं हिशेबात घेतल्यावरही फरक उरला. यावरून मतानंच आयुष्य वाढवलं असं ठामपणे म्हणता येत नाही, हेही त्याच दमात सांग. पण आपण मघाशी जे पाच शब्द सहज लिहिले ते पुढे आपल्यालाच लागू होणार आहेत, एवढं मुलांच्या लक्षात येऊ दे. वीस वर्षांच्या मुलाला म्हातारपण ही दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट वाटते. ती त्याची स्वतःची आहे हे पहिल्याच आठवड्यात पटलं तर पुढचं सत्र सोपं जातं.

आता मुख्य मुद्द्यावर येते. या विषयात मुलांना एकच सवय लावता आली तरी पुष्कळ झालं. एखादी गोष्ट वयाच्या खात्यावर मांडण्याआधी ती खरंच तिथली आहे का, हे विचारण्याची सवय. वय वाढतं तेव्हा त्याच्याबरोबर कितीतरी गोष्टी बदलतात. शाळा सुटून जास्त वर्षं झालेली असतात, जोडीदार गेलेला असतो, कान कमी झालेले असतात, औषधं वाढलेली असतात, हातातला निर्णय दुसऱ्याकडे गेलेला असतो, आणि तो माणूस वेगळ्या काळात जन्मलेला असतो. आपण हे सगळं गोळा करतो आणि वर ‘वय झालं’ अशी चिठ्ठी डकवतो.

हे समजावायला सिएटलचा अभ्यास हाताशी ठेव. वॉर्नर शाई या तरुण संशोधकानं 1956 साली एका आरोग्य सहकारी संस्थेच्या सभासदांपैकी विशीपासून सत्तरीपर्यंतची 500 माणसं निवडली आणि त्यांच्या बौद्धिक चाचण्या घेतल्या. आलेख काढला तर रेघ तिशी-चाळिशीनंतर खाली उतरताना दिसते. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांतही तसंच लिहिलेलं असे. शाई तिथे थांबला नाही. सात वर्षांनी, 1963 मध्ये, त्याच माणसांना त्यानं पुन्हा गाठलं, त्यांच्या जोडीला नवी माणसं घेतली, आणि पुढे दर सात वर्षांनी हे करत राहिला. तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजल्यावर चित्र बदललं. बहुतेक क्षमता मध्यमवयापर्यंत वाढत किंवा टिकून होत्या, आणि साठीच्या आत सरासरीत दखल घ्यावी अशी घसरण फारशी नव्हती. वेग मात्र लवकर कमी होऊ लागतो, तेवढं खरं निघालं. मग पहिल्या आलेखातली ती घसरण कुठून आली? 1956 साली सत्तरीत असलेला माणूस 1880 च्या दशकात जन्मलेला होता. त्याचं शिक्षण, त्याचा आहार, त्याचा दवाखाना, सगळंच तेव्हाच्या पंचविशीतल्या माणसापेक्षा वेगळं होतं. दोन पिढ्यांमधलं अंतर वयाच्या नावावर चढलं होतं.

क्रॉस-सेक्शनल (वेगवेगळ्या वयांची माणसं एकाच वेळी मोजणं) आणि लाँगिट्यूडिनल (तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजणं) या दोन पद्धतींतला फरक मुलं परीक्षेपुरता पाठ करतात. तू तो सिएटलच्या गोष्टीतून शिकवलास तर विसरणार नाहीत. दुसऱ्या पद्धतीतली खोटही दाखव: सात वर्षांनी परत येतात ती बहुधा धडधाकट माणसंच, आजारी आणि खचलेली गळतात, म्हणून तिथे चित्र जरा जास्तच उजळ दिसतं. शाईनं दर खेपेला नवी माणसं घेतली ती याचाही अंदाज यावा म्हणून.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शाई आणि शेरी विलिस यांनी चौसष्टीपुढच्या लोकांना तर्क किंवा अवकाशीय विचार यांचं तासातासाचं पाच वेळा शिक्षण दिलं. 1986 साली छापलेल्या निष्कर्षात सुमारे दोन तृतीयांश लोक सुधारलेले दिसतात. ज्यांची घसरण झाली होती त्यांच्यातले साधारण 40 टक्के तर चौदा वर्षांपूर्वीच्या आपल्या पातळीवर परतले. गेलेलं कायमचं गेलं असं आपण ज्याला समजतो त्यातलं काही वापराविना पडून राहिलेलं असतं.

आता हे सगळं तुझ्या सोलापुरात, तुझ्या वर्गात आण. 2011 च्या जनगणनेत आपल्या देशातल्या साठीपुढच्या पुरुषांपैकी सुमारे 59 टक्के साक्षर होते, आणि बायकांपैकी फक्त 28 टक्के. तुझ्या वर्गातल्या मुलीला आणि तिच्या आजीला शेजारी बसवून शब्दांची यादी लक्षात ठेवायची चाचणी दिली, तर आजी मागे पडेल. तो सगळा फरक सत्तरीचा नाही, त्यात तिला शाळेत न पाठवण्याचाही वाटा आहे. माझ्या पिढीतल्या कितीतरी हुशार बायका चौथीनंतर घरी बसवल्या गेल्या. त्यांची बुद्धी मोजायला कुणी गेलंच नाही, आणि आता मोजताना शाळेतल्याच मापानं मोजतात. मला याची चीड येते, आणि वर्गातही ती लपवू नये असं माझं मत आहे.

जगभर वापरली जाणारी ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ ही चाचणी 1975 सालची. तिच्यात वाक्य वाचून तसं करायला सांगतात, एक वाक्य लिहायला सांगतात, शंभरातून सात सात वजा करायला लावतात. कधी पेन न धरलेल्या बाईला हे विचारायचं आणि गुण कमी पडले की मेंदू बिघडला म्हणायचं? हरियाणातल्या बल्लभगढ परिसरातल्या खेड्यांत 1990 च्या दशकात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून काम केलं, तेव्हा त्यांना हाच पेच पडला. त्यांनी शाळेवर अवलंबून असलेले प्रश्न काढून गावातल्या माणसाला सार्थ वाटतील असे प्रश्न बसवले आणि चाचणीची हिंदी आवृत्ती केली. मुलांना एक गृहपाठ दे: आपल्या आजीसाठी असे पाच प्रश्न तयार करा. तारखेऐवजी तिथी चालेल का, बाजाराचा वार चालेल का, असा खल सुरू झाला की चाचणी कशी बनते हे ती आपोआप शिकतील. पुढे ‘लासी’ या देशव्यापी पाहणीची ओळख करून दे. आपल्या मुंबईतल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2017-18 मध्ये पंचेचाळीस आणि त्यापुढच्या वयाच्या बहात्तर हजारांवर लोकांची ही पहिली फेरी केली. तीच माणसं पुन्हा पुन्हा गाठायची असा तिचा बेत आहे, म्हणजे सिएटलला जे कळलं ते आपल्याबद्दल कळण्याची वाट आता उघडली आहे.

फ्लुइड आणि क्रिस्टलाइज्ड बुद्धिमत्ता, म्हणजे नवा प्रश्न सोडवण्याची क्षमता आणि साठवलेलं ज्ञान, हे कॅटेल आणि हॉर्न यांचं प्रकरण पुस्तकात नीट आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही. त्याला जोडून टायपिस्टांचा अभ्यास मात्र जरूर सांग. टिमथी सॉल्टहाउसनं 1984 साली एकोणीस ते बहात्तर वयाच्या टायपिस्टांना तपासलं. वयस्कांची बोटं साध्या प्रतिक्रियेच्या कामात हळू होती, पण प्रत्यक्ष टायपिंगच्या वेगावर वयाचा परिणाम दिसेना. कारण ते मजकुरात जास्त पुढचं वाचत होते. हाताखाली एक शब्द आणि डोळा त्याच्या बराच पुढे. पुढचा मजकूर झाकला की त्यांचा वेग पडायचा. सोलापुरात टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये खटखट करून ऑफिसात लागलेली माणसं अजून घरोघरी आहेत. मुलांनी त्यांना विचारावं की आपण हे कसं करत होतो. बहुतेकांना सांगता येणार नाही, आणि तेच शिकण्यासारखं आहे.

यानंतर भावनांकडे वळ. इथे मुलांना सर्वांत मोठा धक्का बसतो, कारण म्हातारपण म्हणजे दुःख असं त्यांनी धरलेलं असतं. लॉरा कार्स्टेनसन आणि तिच्या सहकाऱ्यांचा प्रश्न वर्गात जसाच्या तसा विचार: अर्धा तास मोकळा मिळाला आहे. जवळचं माणूस, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाचा लेखक, आणि अलीकडे ओळख झालेली, सूत जुळेलसं वाटणारी व्यक्ती, यांपैकी कुणाबरोबर घालवाल? वयस्क लोक मोठ्या संख्येनं जवळचं माणूस निवडतात. तरुणांची निवड विखुरलेली असते. पण तरुणांना सांगितलं की तुम्ही लवकरच एकटे दूरदेशी जाणार आहात, तर तेही जवळचं माणूस निवडतात. आणि वयस्कांना वीस वर्षं जास्त आयुष्य मिळालं असं समजायला सांगितलं, तर त्यांची निवड तरुणांसारखी होते. 1997 मध्ये हाँगकाँग चीनकडे जाण्याची वेळ जवळ आली, तेव्हा तिथल्या तरुणांच्या निवडीतही हा कल दिसला. म्हणजे माणसांचं वर्तुळ लहान होतं ते वयामुळे म्हणण्यापेक्षा पुढे वेळ किती उरला आहे या जाणिवेमुळे. तुझ्या वर्गातल्या हॉस्टेलच्या मुलांना विचार: शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात ते नव्या ओळखी करतात, की त्याच चार मैत्रांना धरून बसतात?

मला स्वतःला हा सिद्धांत आधार देतो. हल्ली मी समारंभांना कमी जाते, दोन मैत्रिणींबरोबर संध्याकाळ घालवते, आणि घरचे म्हणतात, तू एकलकोंडी झालीस. मी एकलकोंडी झालेले नाही. मला काय हवं ते आता नेमकं कळतं. मात्र या सिद्धांताची ढाल करून खऱ्या एकटेपणाकडे पाठ फिरवता येणार नाही. स्वतः निवडलेलं लहान वर्तुळ आणि जोडीदार गेल्यावर, मुलं दूर गेल्यावर माणसावर आलेलं रिकामपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना दोन्ही ओळखता यायला हवं.

वृद्धाश्रमाचा विषय निघेलच. तेव्हा एलन लँगर आणि जुडिथ रॉडिन यांचा 1976 चा प्रयोग सांग, पण पूर्ण सांग. अमेरिकेतल्या एका शुश्रूषागृहाच्या एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमच्या दिवसाची जबाबदारी तुमची. एक रोप निवडा, त्याला पाणी तुम्हीच घाला, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा ते ठरवा. दुसऱ्या मजल्यावर रोप हातात दिलं आणि पाणी परिचारिका घालतील असं सांगितलं. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही, जास्त सावध दिसली. दीड वर्षानं पाहिलं तर पहिल्या गटातले 47 पैकी 7 जण गेले होते आणि दुसऱ्यातले 44 पैकी 13. हा आकडा पुस्तकापुस्तकांतून फिरतो. 1978 साली त्याच लेखिकांनी दुरुस्ती छापली की संख्याशास्त्रीय गणितात चूक झाली होती आणि मृत्यूमधला फरक वाटला होता तितका पक्का नाही. ती दुरुस्ती पुस्तकांत सहसा सापडत नाही. तू ती सांग. माणसाला आपल्या दिवसावर हक्क हवा, हे मी मनापासून मानते, आणि म्हणूनच ते कच्च्या आकड्यावर उभं राहू नये असं मला वाटतं. आपल्या घरांत प्रेमापोटीच ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ म्हणत आजोबांच्या हातून बँकेचं पासबुक, भाजीची पिशवी, सगळं काढून घेतलं जातं. मुलांनी घरी जाऊन एवढंच टिपावं: या आठवड्यात आजी-आजोबांनी स्वतः घेतलेले निर्णय कोणते?

विस्मरणाच्या तासाची तयारी नीट कर, कारण त्या तासानंतर दारात मुलं थांबतील. कुणी म्हणेल, माझी आजी एकच प्रश्न दहादा विचारते. आलोईस अल्झायमरनं ज्या स्त्रीच्या आजाराचं वर्णन 1906 साली मांडलं ती ऑगस्ट डेटर फ्रँकफर्टच्या इस्पितळात आली तेव्हा अवघी 51 वर्षांची होती. हा आजार आहे, म्हातारपणाचा स्वभाव नाही. वय वाढलं की त्याचा धोका वाढतो, पण बहुतेक म्हातारी माणसं त्यात सापडत नाहीत. नाव ओठांवर येऊन अडकणं वेगळं आणि रोजच्या वाटेवर घर न सापडणं वेगळं. नैराश्य, थायरॉइड, बी-12 ची कमतरता, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं, यांमुळेही माणूस गोंधळलेला दिसतो, आणि यांवर उपचार आहेत. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून घरचे डॉक्टरकडे नेत नाहीत, तिथे सर्वांत मोठं नुकसान होतं. तू निदान करू नकोस, मुलांनाही करू देऊ नकोस. पण ‘दाखवून घ्या’ असं ठामपणे सांग. 14567 ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइनही फळ्यावर लिहून ठेव.

सोलापूर म्हणून एक वेगळा धागा तुझ्या हाती आहे. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी 648 डिमेन्शियाग्रस्तांच्या नोंदी तपासल्या. 2013 मध्ये त्यांनी मांडलं की एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. तुझ्या वर्गात घरी तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड अशी मुलं असतील. त्यांना अभिमान वाटू दे, आणि लगेच तोच आपला प्रश्न विचारायला लाव: भाषेमुळे, की दोन भाषा बोलणाऱ्यांच्या आयुष्यात दुसरंही काही वेगळं होतं? याबाबत संशोधकांत अजून वाद आहे, आणि तो वाद मुलांना कळण्याजोगा आहे.

प्रकल्पाबद्दल एक कळकळीची विनंती. वृद्धाश्रमाची सहल, फळवाटप आणि ग्रुप फोटो एवढ्यावर प्रकल्प संपवू नकोस. आपल्याकडची बहुसंख्य म्हातारी माणसं घरातच राहतात, आणि फळं घेऊन आलेल्या अनोळखी मुलांपुढे रांगेत बसण्यात त्यांचा मान राहत नाही. त्याऐवजी प्रत्येकानं ओळखीच्या एका वयस्क माणसाकडे जावं आणि आयुष्यातल्या ठळक आठवणी विचाराव्यात, प्रत्येकीपुढे तेव्हाचं वय लिहावं. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींची दाटी दिसेल. डेव्हिड रुबिन आणि इतरांनी 1986 मध्ये ही दाटी दाखवून दिली. आज पंचाहत्तरीतला माणूस कोयनेच्या भूकंपाच्या वेळी मिसरूड फुटलेला होता आणि बहात्तरच्या दुष्काळात कामाला लागलेला. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली बाई तो काळ सांगताना मजुरीचा दरही सांगेल. आठवण ठळक आहे म्हणून अचूक असतेच असं नाही, हे मुलांनी दुसऱ्या कुणाकडून पडताळून बघावं. आणि मग त्यांना सांग, तुम्ही आज बरोबर त्या दाट पट्ट्यात उभे आहात. ऐकताना अश्रू आले, कुणी बोलायचं थांबलं, तर वही मिटून नुसतं बसायचं, हेही आधी शिकव. परवानगी विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग करायचं नाही.

सत्राच्या शेवटी ते पहिले कागद परत वाट. चर्चा तू करू नकोस, त्यांना करू दे.

अंतर्गत परीक्षेसाठी व्याख्या विचारू नकोस. एक काल्पनिक तक्ता दे: वीस वर्षांच्या मुलांचे गुण, सत्तर वर्षांच्या लोकांचे गुण, दोघांची शाळेतली वर्षं, ऐकण्याची क्षमता आणि चाचणीची भाषा. विचार, यावरून वयाबद्दल काय म्हणता येतं, काय म्हणता येत नाही, आणि आणखी कोणती माहिती मागवाल? दोन पानं लिहायला लागतील असे गुण ठेव. त्या उत्तरपत्रिकांतल्या काही मला वाचायला पाठवशील तर फार बरं वाटेल. पाठवताना मुलांची नावं मात्र झाक.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझी,
बाई